नवव्या अंकाचं शेवटचं चित्र

गंजलेल्या पिनेचं एक टोक खळबाईंनी चिमट्यानं वर उचललं, तेव्हा समोर उभ्या असलेल्या दातांच्या डॉक्टरांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

“झालं?”

“अजून दुसरं टोक आहे.”

“कागद फाटणार नाही ना, बाई?”

“तुम्ही रोज जिवंत माणसांच्या दाढा उपटता, डॉक्टर. इथे तर कुणी ओरडतसुद्धा नाही. बसा त्या स्टुलावर.”

डॉक्टर बसले, पण अगदी कडेवर. टेबलावर पांढऱ्या टीपकागदावर एक जुनं कॉमिक उताणं पडलं होतं. इनमीन बत्तीस पानं, हलका कागद, मध्ये दोन पिना, आणि त्या पिनांभोवती गंजाचे तपकिरी डाग. खळबाईंनी दुसरं टोक सरळ केलं, पाठीमागून पिन अलगद ओढून घेतली आणि बशीत टाकली. टिंग असा आवाज झाला. डॉक्टरांनी डोळे उघडले आणि मोठा सुस्कारा सोडला.

खळबाई हे काही खरं नाव नव्हे. जुने नकाशे, पत्रं, पुस्तकं, जे काही कागदी आणि मोडकळीला आलेलं असेल ते त्या दुरुस्त करत. बाजारातल्या डिंकाची त्यांच्या घरात शिरायची प्राज्ञा नव्हती. गव्हाच्या पिठाची खळ त्या स्वतः शिजवत, गाळत आणि तीन दिवसांनी उरलेली फेकून देत. संग्राहक मंडळी त्यांना तोंडावर बाई म्हणत आणि पाठीमागे खळबाई. दोन्ही त्यांना ठाऊक होतं आणि दोन्ही चालत होतं.

“टिटवीचा असा अंक तुमच्या टेबलावर पूर्वी कधी आला होता?” डॉक्टरांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं, पण ते ऐकायचं होतं.

“नववे पुष्कळ आले. चाळीसएक तरी असतील. न कापलेला हा पहिलाच.”

डॉक्टरांचा चेहरा असा फुलला, की जणू तो अंक त्यांनीच लिहिला होता.

टिटवीचे एकूण अंक निघाले अकरा. छापखाना लहान, शाई अशी की वाचून होईतो बोटं निळी. दिवसा टेलिफोनच्या ऑफिसात तारा जोडणारी ही बाई, संध्याकाळ झाली की अंगावर करडा रेनकोट चढवून लोकांना वाचवायला निघे. झगमगीत पोशाख नाही की छातीवर खूण नाही. तिला उडताही येत नसे, फार तर तीन मजल्यांची उडी. तिची शक्ती एकच. जगाच्या पाठीवर कुठूनही कुणी हाक मारली की तिला ऐकू येई. पण ऐकू आलं तरी पोचायचं पायीच, त्यामुळे अकरापैकी पाच अंकांत ती उशिरा पोचते. समुद्र आटवायला निघालेल्या टिटवीचं नाव तिला कुणी दिलं असेल त्यानं विचार करूनच दिलं असणार. उशिरा पोचणारी नायिका मुलांना काही आवडली नाही आणि मासिक गुंडाळावं लागलं. पुढे तीच मुलं पन्नाशीला आली, आणि तिच्या नेमक्या याच गोष्टीवर जीव टाकू लागली. उशिरा पोचणं म्हणजे काय, हे तोवर एकेकाला कळलेलं होतं.

नवव्या अंकाचं प्रकरण वेगळं होतं. त्यात शेवटच्या पानाच्या मागे एक कूपन छापलं होतं. ते कापून पाठवलं की टिटवीचा पत्र्याचा बिल्ला घरपोच येई. छापखान्यात कुणाच्या ध्यानात आलं नाही की कूपनाच्या बरोब्बर पाठीमागे गोष्टीचं शेवटचं चित्र आहे. मुलांनी काय करावं? बिल्ला की गोष्ट, यात बिल्ला जिंकला. झाडून सगळ्यांनी कात्री चालवली, आणि एका अख्ख्या पिढीच्या गोष्टीला शेवटाच्या जागी चौकोनी भोक पडलं. कापण्याआधी काय बघितलं होतं, ते पुढे संग्राहकांपैकी कुणालाच धड आठवेना. गेली वीस वर्षं खळबाई त्याच भोकाला कोऱ्या कागदाचं ठिगळ लावत आल्या होत्या.

“आमच्यात यावरून डोकी फुटायची वेळ आली होती,” डॉक्टर म्हणाले. “आमचे पोस्टमास्तर म्हणतात, ती परत येते. मी म्हणतो, ती मरते, दहाव्यात रेनकोट घालते ती दुसरीच कुणी. रविवारी सगळे माझ्याकडे जमणार आहेत. नऊ जणांच्या देखत उघडायचं. तोवर मीसुद्धा बघणार नाही, अशी शपथ घेतलीय.”

“तुम्ही अजून बघितलं नाही?”

“नाही ना! मिळाला त्याच दिवशी त्या चित्रावर कागदाची पट्टी लावून टाकली. स्वतःवर भरवसा नव्हता.” ते थोडे घुटमळले. “बाई, राग मानू नका. तुम्हीही…”

“मी कागद बघते, डॉक्टर. त्यावर काय आहे ते बघत नाही.”

ही काही उगाच मारलेली बढाई नव्हती. लोकांची मृत्युपत्रं, जुनी प्रेमपत्रं, कुणाच्या आजोबांच्या कबुल्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि एकाचाही शब्द या कानाचा त्या कानाला कळला नव्हता. डॉक्टरांनी दोनदा नमस्कार केला आणि जिना उतरताना तिसऱ्यांदा.

ते गेल्यावर खळबाई तशाच बसून राहिल्या. टिटवी मेली असेल, या डॉक्टरांच्या बोलण्याचं त्यांना हसू आलं होतं. नवव्या अंकाच्या शेवटी काय होतं, हे जगात कुणाला नसेल इतकं पक्कं त्यांना ठाऊक होतं. टिटवी परत येते. ताईनं सांगितलं होतं.

तेव्हा खळबाई आठ वर्षांच्या होत्या आणि त्यांना सगळे चिमी म्हणत. ताई पंधराची. चिमीला गोवर आला होता, डोळे उघडवत नव्हते, म्हणून उशाशी बसून ताई नववा अंक वाचून दाखवत होती. या अंकात एका स्फोटात टिटवीचे कान जातात. जिला जगातली हाक ऐकू येई तिला काहीच ऐकू येईनासं होतं, आणि शत्रूंना घर कळलंय म्हणून ती घर सोडून निघून जाते. मागे तिची धाकटी बहीण, पिल्लू, खिडकीत उभी राहून हाका मारते. एका चित्रात मारते, दुसऱ्यात मारते, तिसऱ्यात तिचा घसा बसतो. ताई इथवर आली आणि तिनं घड्याळ बघितलं. पाचला टपाल निघायचं होतं आणि कूपनाचा तो शेवटचा दिवस होता.

“आलेच,” ताई म्हणाली. कात्रीचा आवाज झाला, दार वाजलं, आणि ताई गेली.

परत आली तेव्हा चिमी रडून रडून लाल झाली होती.

“पुढे काय झालं? सांग ना!”

“काय व्हायचंय? येते ती परत.”

“शप्पथ?”

“शप्पथ. रडू नकोस, ताप चढेल. झोप बघू.”

बिल्ला दीड महिन्यानं आला. ताईनं तो स्वतः लावला नाही, चिमीच्या फ्रॉकला लावला.

पाच वर्षांनी ताईनं घर सोडलं. बंदरातल्या एका बोटीच्या मेकॅनिकशी तिनं लग्न ठरवलं होतं, आणि बाबा म्हणाले होते, हा उंबरा ओलांडलास तर पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही. बाबा शब्दाचे पक्के, आणि ताई त्यांचीच मुलगी. दारात बॅग घेऊन उभी असताना तिनं चिमीला जवळ ओढलं आणि कानात म्हणाली, “नवव्या अंकातलं शेवटचं चित्र लक्षात ठेव. विसरायचं नाही.”

चिमी कशाला विसरतेय? पुढे ताईची कार्डं येऊ लागली. बाबा ती आधी वाचत, म्हणून त्यांवर फारसं काही नसे. पत्ता, आणि खाली एक ओळ: शेवटचं चित्र विसरू नकोस. चिमी उत्तर लिही: मी इथेच आहे, वाट बघतेय. आळीतली माणसं एकेक करून नव्या इमारतींत गेली, खळबाई हलल्या नाहीत. लग्नाची दोन चांगली स्थळं आली, दोन्ही दूर गावची, दोन्हींना नाही म्हणून झालं. दारावरची पाटी बदलली नाही, बेल बिघडली तर तशाच आवाजाची दुसरी शोधून आणली. ताई आली आणि तिला घर ओळखू आलं नाही, तर?

मधल्या काळात आई गेली. आईच्या माहेरी सगळ्यांचे कान लवकर दगा देत. शेवटी शेवटी आईला घरभर हाका मारून काही उपयोग नसे, समोर जाऊन हाताला हात लावावा लागे. त्यानंतर कितीतरी वर्षांनी बाबाही गेले. खळबाईंनी त्याच दिवशी लिहिलं: बाबा गेले. आता दार उघडं आहे. ये.

आठवड्यानं उत्तर आलं. शेवटचं चित्र, चिमे. अजून किती वेळा सांगू?

ते वाचून खळबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. परत येण्याचं वचन हिनं द्यायचं, ते पाळायचं नाही, आणि वर आपल्यालाच आठवण करून द्यायची? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. त्यांनी ते कार्ड इतरांच्या खाली, डब्याच्या तळाशी घातलं आणि लिहिणं बंद केलं. तिकडूनही बंद झालं. याला आता अकरा वर्षं होत आली होती. राग कधीच निवला होता. वाट बघणं तेवढं उरलं होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी पानं एकेक सुटी केली. गंजाचे डाग ओल्या बोळ्यानं टिपले, पिनांच्या जागी पडलेली भोकं बुजवली. शेवटचं पान हातात घेतलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. डॉक्टरांची पट्टी जागच्या जागी होती. पण ती त्यांनी चिकटवली नव्हती, डिंक लावला तर खळबाई रागावतील या भीतीनं टाचणीनं टोचली होती. आणि ती टाचणीही गंजली होती. डाग पट्टीखाली, थेट चित्रात उतरू लागला होता.

खळबाईंनी फोन लावला.

“डॉक्टर, तुम्ही टाचणी लावलीत.”

“डिंक नाही लावला हो!” पलीकडून अभिमानानं उत्तर आलं.

“ती गंजलीय. चित्रात उतरतेय. पट्टी काढून साफ करावं लागेल.”

पलीकडे यंत्राची घरघर थांबली. मग कुणाला तरी चूळ भरायला सांगून डॉक्टर फोनवर परत आले.

“डोळे मिटून नाही जमणार?”

“तुम्ही दाढ डोळे मिटून काढता का?”

“मग काढा,” ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. “पण मला काही सांगू नका. अवाक्षर नको.”

फोन ठेवून खळबाईंनी हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. एवढी तयारी त्यांनी कुठल्या मृत्युपत्रासाठी केली नव्हती. टाचणी सुटायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पट्टी उचलली.

वरच्या कोपऱ्यात ते घर होतं, पण लांबून दिसणारं, काड्यापेटीएवढं. खिडकी उघडी होती आणि खिडकीत कुणी नव्हतं. खाली रस्ता लांबच लांब आलेला. रस्त्याच्या या टोकाला करड्या रेनकोटातली टिटवी पाठमोरी उभी होती, आणि तिच्या मागे पिल्लू. घाईत घातलेले बूट उलटसुलट, डाव्या पायात उजवा. तिनं हाक मारलेली नव्हती, तोंड मिटलेलं होतं. पुढे झुकून, टाचा उंचावून, तिनं टिटवीची बाही धरली होती. टिटवीची मान नुकती कुठे वळू लागली होती.

खळबाईंना सगळ्यात आधी डाग दिसला. तो त्यांनी टिपून घेतला, टीपकागद बदलला, पुन्हा टिपला. हात सवयीनं चालत राहिले. मग हात थांबले, आणि त्या पहिल्यांदा कागदाकडे न बघता चित्राकडे बघत बसल्या.

ताई खोटं बोलली होती. कशाला, तेही लगेच कळलं. त्या वयात ताई कुठे निघाली की चिमी तिच्या मागे निघायची. दुकानात, टाकीवर, मैत्रिणीकडे, अनवाणी, सांगितलं तरी न ऐकता. अंगात एवढा ताप असलेल्या पोरीला, पिल्लू बूट घालून रस्त्याला लागली, असं कोण सांगेल? येते ती परत, झोप. पोरगी झोपली आणि ताई ते विसरून गेली असणार. रडणारं पोर झोपवताना आपण काय बोललो, हे कोण लक्षात ठेवतं? तिच्या लक्षात राहिलं ते चित्र. तिनं स्वतः बघितलेलं, हे.

खळबाईंनी कपाटातून डबा काढला आणि कार्डं टेबलावर मांडली. ओळ तीच होती, अक्षर तेच होतं. शेवटचं चित्र विसरू नकोस. आणि प्रत्येक वेळी, न चुकता, वरती पत्ता. उत्तरं त्यांच्याकडे नव्हती, पण ती पाठ होती. मी इथेच आहे, वाट बघतेय. मी इथेच आहे. इतकी वर्षं बहिणीनं रस्ता लिहून पाठवला होता, आणि आपण खिडकीत उभं राहून हाका मारत बसलो होतो.

दहाव्या अंकात टिटवी आणि पिल्लू एकत्र राहताना दिसतात, पण घर निराळं असतं. चित्रकारानं गलथानपणा केला, असं आजवर सगळे संग्राहक धरून चालले होते. खळबाईसुद्धा.

त्यांना रडू आलं, तेव्हा आधी त्यांनी खुर्ची मागे सरकवली. पाणी कागदावर पडायला नको होतं.

शनिवारी दवाखाना उघडताच त्या डॉक्टरांसमोर हजर झाल्या. खुर्चीत एक गृहस्थ जबडा वासून पडले होते. डॉक्टरांनी त्यांना तसंच ठेवून, हातमोजे काढून अंक घेतला. नव्या पिना, स्वच्छ कडा, आणि शेवटच्या चित्रावर नवी पट्टी, एका बाजूला खळीचं बोट लावलेली, ओल्या बोळ्यानं सहज सुटणारी.

“काय, बाई…” डॉक्टर कुजबुजले. “म्हणजे, मला सांगू नकाच. पण एवढंच सांगा. मी बरोबर की पोस्टमास्तर?”

“तुम्ही दोघंही चूक.”

डॉक्टरांचा जबडाही पेशंटसारखाच उघडा राहिला.

“उद्या याल ना तुम्ही? आम्ही दहावी खुर्ची मांडलीय.”

“उद्या मी नाही इथे.”

“कुठे निघालात?”

“बहिणीकडे.”

“तुम्हाला बहीण आहे?” डॉक्टर म्हणाले. “कधी बोलला नाहीत.”

पिशवी खांद्याला लावून त्या बाहेर पडल्या. बस सात तासांची होती. त्यांनी खिडकीची जागा मागितली नाही, मिळेल तिथे बसल्या. अर्ध्या वाटेत मनात आलं की अकरा वर्षं म्हणजे थोडी नव्हेत. घर बदललं असेल, माणसं बदलली असतील, आणखीही काही झालं असेल. दर थांब्याला उतरून परतीची बस धरावी असं वाटे, आणि दर थांब्याला बस सुटे. पिशवीच्या आतल्या कप्प्यात तो पत्र्याचा बिल्ला होता. त्याच्यावर अंगठा ठेवून त्या बसून राहिल्या.

बंदरामागची गल्ली सापडायला वेळ लागला नाही. पत्ता त्यांना स्वतःच्या पत्त्याइतका पाठ होता. एकमजली घर, निळं दार, बाजूला बेल. उन्हं कलली होती. खळबाईंनी बेल दाबली. आत ती वाजलेली स्पष्ट ऐकू आली, पण कुणी आलं नाही. त्या थांबल्या, पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबली, तेव्हा शेजारच्या ओट्यावर कपडे वाळत घालणारी बाई म्हणाली,

“बेल वाजवून काय उपयोग, काकू? घरीच आहेत त्या. पण ऐकू येत नाही ना त्यांना. तीन-चार वर्षं झाली, अजिबातच नाही.”

खळबाईंनी बेलवरचं बोट काढून घेतलं.

“तुम्ही लांबून आलात वाटतं? जा की सरळ आत. दार लोटलेलंच असतं. काका गेल्यापासून त्या कडी लावतच नाहीत. कितीदा सांगितलं, ऐकतील तर शपथ. म्हणतात, कुणी यायचं असलं तर?”

दार हलक्यानं उघडलं. आत एक लांबट खोली होती, आणि खोलीच्या टोकाला, मोरीशी, एक म्हातारी बाई पाठमोरी उभी राहून कप विसळत होती. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली. कान अगदी आईचे.

घशाशी आलेली हाक चिमीनं गिळली. दारात चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली, आणि ती त्या खोलीतून चालत गेली.